कारल्याला लागणारे दिवस

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. मधला महिना वऱ्हाडातल्या पोरींचा. अंजनगाव सुर्जीत काय नि अकोट-दर्यापुरात काय, रीत तीच. मातीचे भुलोजी-भुलाबाई आणि त्यांचं लेकरू पाटावर किंवा कोनाड्यात मांडायचं, दिवेलागण झाली की टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जायचं, प्रत्येक ठिकाणी गाण्यांची माळ पुरी करायची आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखून खायचा. देशावर याच सुमारास पाटावर हत्ती काढून भोंडला चालतो. गाणी बरीचशी तीच, पण आपल्याकडची भुलाबाई साक्षात पार्वती आहे आणि ती महिनाभर माहेरपणाला आलेली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे गाणं वाचायचं आहे त्याचा सगळा काटा तिथेच रुततो.

ते गाणं कारल्याच्या वेलाचं. वऱ्हाडात वाढलेल्या बाईला ते पाठ नाही असं होत नाही, तेव्हा ओळी उतरवत बसत नाही, नुसती कथा सांगते. सुनेला माहेरी जायचं आहे. सासूला विचारते. सासू सांगते, आधी कारल्याचं बी लाव. सून बी लावून येते आणि पुन्हा विचारते. आता त्याला कोंब येऊ दे. कोंब येतो. वेल वर चढू दे. चढतो. फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी होऊ दे, ती सगळ्यांची खाऊन होऊ दे, मागचा गंज घासला जाऊ दे. एकेक अट पुरी करून सून दारात उभी राहते. गंज लखलखीत होऊन पालथा पडल्यावर सासूला आठवण होते की हे आपल्या हातातलं नाहीच, सासऱ्याला विचार. सासरा दिराकडे बोट दाखवतो, दीर जावेकडे, जाऊ नणंदेकडे, आणि अशी फिरत फिरत ती विनंती नवऱ्यापाशी पोचते. गाव बदललं की माणसांचा क्रम बदलतो, एखादं नातं गळतं, एखादं वाढतं. कारलं मात्र जागचं हलत नाही.

या सबंध गाण्यात सासू एकदाही नाही म्हणत नाही. रागावत नाही, टाकून बोलत नाही, सुनेच्या माहेरच्यांचा उद्धार करत नाही. भुलाबाईच्या बाकीच्या गाण्यांत सासरच्यांची यथेच्छ निंदानालस्ती असते. सासरची वाट काट्याची, सासरचा माणूस काळाबेंद्रा, सासरचं सगळंच वाईट. तिथे पोरी ओरडून ओरडून म्हणतात आणि मोकळ्या होतात. कारल्याच्या गाण्यातली सासू मात्र समंजस आहे. तिचं म्हणणं प्रत्येक वेळी इतकं साधं आणि इतकं वाजवी की त्यावर वाद घालायला जागा नाही. कोंब फुटल्याशिवाय कशी जातेस? बरोबरच आहे. फुलं आलीत, आता दोन दिवसांत कारलं धरेल, तोवर थांब. हेही बरोबर. अन्याय कुठल्याच एका ओळीत सापडत नाही, तो दोन ओळींच्या मधल्या जागेत असतो. म्हणूनच या सासूची मला बाकीच्या सगळ्या गाण्यांतल्या सासवांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका तहासाठी येतं. शहानूर नदीच्या एका काठाला अंजनगाव, दुसऱ्या काठाला सुर्जी. आडगावची लढाई हरल्यावर आणि १५ डिसेंबर १८०३ ला गाविलगड पडल्यावर ३० डिसेंबरला इथे दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. शिंद्यांचं कंबरडं मोडलं, पण निदान कलमं एकदा लिहून झाली आणि खाली शिक्के पडले. शिक्का पडल्यावर नवं कलम घालता येत नाही. सुनेशी सासूचा जो तह चालला आहे त्यात शिक्क्याची वेळच येत नाही. एक कलम पाळलं की त्याच्या पोटातून दुसरं निघतं. तहाच्या गावी भुलाबाईची गाणी म्हणत वाढलेल्या पोरींना दुआब कुठे आहे हे शाळेत पाठ करावं लागतं. अटीवर अट कशी चढवतात हे त्यांना त्याआधीच आलेलं असतं.

आता कारल्याकडे येऊ. लोकगीतांविषयी लिहिणारे कारल्यात कडवटपणाचं प्रतीक पाहतात आणि तिथे थांबतात. सासरचा वास कडू, म्हणून कारलं. एवढंच असतं तर मेथी चालली असती, कडुनिंब चालला असता. मेथी तर अधिक सोयीची. पेरली की तीन-चार आठवड्यांत उपटून भाजी करता येते, सून महिन्याच्या आत माहेरी. कारलं निवडण्यात जो कोणी मूळचा रचणारा हात आहे, आणि तो बाईचाच असणार, त्याला मळ्यातलं कळत होतं.

बी जाड सालीचं असतं, रात्रभर भिजत घालून लावतात. तरी वर यायला आठवडा लागतो, कधी दहा दिवस. सुरुवातीला वेल काही घाई करत नाही. ताणे फुटले आणि त्यांनी काडी पकडली की मग मात्र मांडव दिसेनासा होतो. महिना-सव्वा महिन्याने पिवळी फुलं दिसतात आणि इथे गाण्यातल्या त्या एका ओळीमागची खरी थट्टा आहे. पहिली येणारी फुलं सगळी नर असतात. सकाळी उमलतात, एक दिवस राहतात, गळून जातात. त्यांना फळ धरत नाही. मादी फूल मागाहून येतं, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे. पाकळ्यांच्या खाली देठाला करंगळीच्या पेरापेक्षाही बारीक, खरखरीत, हुबेहूब कारलं आधीच टांगलेलं असतं. मधमाशी येऊन गेली तर ते वाढतं, नाही तर पिवळं पडून तेही गळतं. म्हणजे फूल आलं असं सून धावत सांगायला आली त्या दिवशी तिच्या पदरात काहीच पडलेलं नव्हतं, आणि सासूला ते माहीत होतं.

बी लावल्यापासून पहिलं कारलं तोडेपर्यंत साधारण पंचावन्न ते साठ दिवस धरतात. थंडी लवकर पडली तर आणखी चार. हे दिवस आपल्या सणांवर मांडून पाहा. २०२५ सालचं पंचांग घेऊ. भाद्रपद पौर्णिमा ७ सप्टेंबरला होती. त्या दिवशी भुलाबाई बसली आणि त्याच संध्याकाळी गाण्यातल्या सुनेनं बी लावलं असं समजा. ६ ऑक्टोबरला कोजागिरी, भुलाबाईची पाठवणी. तोवर वेलाला पानंच पानं. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. फुलं आलीत, त्यातली बहुतेक गळणारी. पहिलं कारलं हाताशी येतं ते ५ नोव्हेंबरच्या कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणजे तुळशीची लग्नं लागून गेल्यावर. दिवाळी गेली, पाडवा गेला, भाऊबीज गेली. भाऊ ओवाळून घ्यायला ताटकळला असेल किंवा स्वतःच मुराळी होऊन आला असेल आणि वेलाकडे बघून परत गेला असेल. आणि अजून भाजी व्हायची आहे, गंज घासायचा आहे, सासऱ्याला विचारायचं आहे.

सासूनं माहेरपणाचा सबंध हंगाम मोजून काढून घेतला आहे. एवढा हिशेब गाण्यात कुठेही बोलून दाखवलेला नाही, कारण ज्यांच्यासाठी ते रचलं त्यांना तो सांगायची गरज नव्हती. अंजनगाव हे वेलींचंच गाव. इथले विड्याच्या पानांचे मळे जुने आणि पानपिंपरीची शेतीही इथली. पिंपरीची सुकवलेली फळं औषधांच्या बाजारात जातात. शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडं आधाराला नि सावलीला लावायची, वेल हातानं बांधत न्यायचा, ओल तुटू द्यायची नाही, उन्हाचा तडाखा लागू द्यायचा नाही, हे बारी समाजाच्या घराघरांत लहानपणापासून अंगवळणी पडतं. अशा घरातल्या पोरीला वेल चढू दे या सासूच्या वाक्यात किती दिवस दडलेत हे वेगळं सांगावं लागत नाही. शहरात सोसायटीच्या हॉलमध्ये हेच गाणं म्हणतात तेव्हा ते नुसतं गोड वाटतं, त्याचं कारणही हेच. कारलं तिथे दुकानात लागतं.

आणि हे सगळं कोणासमोर म्हणायचं? पाटावरच्या भुलाबाईसमोर. देवी असून तिला महिनाभर माहेरी राहायला मिळालं आहे. तिच्यासमोर ज्या बाईला एक रात्रही मिळत नाही तिचं गाणं, आणि म्हणणाऱ्या पोरी आठ-दहा वर्षांच्या, अजून माहेरातच. देवीच्या बाजूने ते गाणं म्हणजे कौतुक आहे की टोमणा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पोरींच्या बाजूने तो सराव होता हे मात्र नक्की. सासू कोण, सून कोण अशा वाटण्या व्हायच्या, आणि सासूच्या ओळींसाठी भांडणं लागायची.

माहेर म्हणजे चार दिवसांची मौज असं आपण आता समजतो. दिवाळीच्या सुट्या, मामाचं गाव, शकुंतलेच्या डब्यात खिडकीशी बसायची मारामारी. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत कपाशीच्या शेतांमधून जायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आणि उतरल्यावर आईच्या पदरानं तोंडावरची काजळी पुसली जायची. या आठवणी खऱ्या आहेत, पण गाण्यातलं माहेर यापेक्षा जड आहे. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला डेबूजी जन्मला, तोच पुढे गाडगेबाबा झाला. त्याचे वडील झिंगराजी लवकर गेले. सखुबाई पोराला घेऊन गेल्या त्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी, आणि डेबूजी मामाच्या घरी गुरं राखत वाढला. नवरा गेला तर, दुखणं आलं तर, पहिलं बाळंतपण असेल तर बाईला जायला एकच दार असायचं. सासू वेलाच्या निमित्तानं अडवते ते हे दार. करमणुकीच्या परवानगीसाठी कोणी साठ दिवस कारलं राखत बसत नाही.

भाजीविषयी गाणं फार बोलत नाही. ती करायची, खायची, संपली. पण वऱ्हाडी स्वयंपाकघरात ती कशी होते हे माहीत असलं की त्या अर्ध्या ओळीतही श्रम दिसतात. कारलं आधी वरून खरवडायचं. चकत्या करायच्या, मीठ चोळून ठेवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात ताटलीत हिरवं पाणी सुटतं, मुठीत दाबून ते पिळून टाकायचं. मग तेलात मंद आचेवर परतत राहायचं, चकत्यांच्या कडा तांबूस होऊन वाजू लागेपर्यंत. नंतर शेंगदाण्याचा कूट, तीळ, तिखट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. ज्वारीच्या भाकरीशी हे जे लागतं त्याला तोड नाही. तुपात तळा नाही तर साखरेत घोळा, कडू ते कडूच, असं आपण कारल्याविषयी म्हणतो. करणाऱ्या बाईचा सगळा खटाटोप मात्र तो कडूपणा बेताचा राखण्यासाठी असतो. तो सगळाच घालवला तर भाजीला कारल्याची म्हणण्यात अर्थ नाही आणि सगळा ठेवला तर ताटं तशीच परत येतात.

हल्ली हे बेतानं राखलेलं कडू लोकांना पुरत नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी कारल्याच्या रसाचे गुण पाठवतं. पहाटे उपाशी पोटी पेलाभर प्या, साखर पळेल, रक्त शुद्ध होईल, गोळ्या सुटतील. कारल्यात गुण नाहीत असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम कच्च्या कारल्यात १७ कॅलरी आणि सुमारे ८४ मिलीग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आहे, संत्र्यात ते पन्नासच्या थोडं वर असतं. परतताना त्यातलं काही जातं, तरी वऱ्हाडच्या संत्र्यानं मान खाली घालावी असा आकडा आहे. साखरेचं म्हणाल तर चॅरँटिनसारखी द्रव्यं कारल्यात सापडलेली आहेत आणि २०११ साली थायलंडमध्ये झालेल्या एका चाचणीत सुकवलेल्या कारल्याचे दिवसाला २००० मिलीग्रॅम दिल्यावर रुग्णांची साखर थोडी उतरलेली दिसली. मेटफॉर्मिनच्या १००० मिलीग्रॅमनं जेवढी उतरली त्याहून कमीच. २०१२ साली कॉक्रेनच्या आढाव्यात चार चाचण्या, मिळून ४७९ माणसं, एकत्र तपासली. टाइप दोनच्या मधुमेहावर कारलं लागू पडतं असं म्हणायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. गोळी चालू असताना वरून रस ढोसला तर साखर एकदम खाली जाऊन घेरी यायची भीती असते आणि पोटुशी बाईनं तर त्या वाटेला जाऊच नये. भाजी खावी, पोटभर खावी. भाजीपाशी थांबावं.

गाण्यात या गुणांचा उल्लेख नाही. एकही माणूस म्हणत नाही की कारलं प्रकृतीला बरं. गाण्याला पडलेला प्रश्न वेगळा आहे. लावलं कोणी, राखलं कोणी, रांधलं कोणी, खाल्लं कोणी आणि गंज कोणी घासला? या क्रमात सून चार ठिकाणी आहे. खाणाऱ्यांत ती असेल तर सगळ्यांच्या मागून, गंजाच्या तळाशी उरलेलं. आरोग्यावर रोज चर्चा करणाऱ्यांनी हे एवढं एक वाचावं असं मला वाटतं. अन्नाचे गुण पदार्थात असतात तितकेच ते पानात कोणाच्या किती पडलं यातही असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया रक्त कमी असलेल्या निघाल्या. कारल्यातल्या क जीवनसत्त्वानं भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत होते हे शास्त्र खरं आहे, फक्त भाकर आणि कारलं दोन्ही एकाच वेळी त्याच बाईच्या ताटात असायला हवं.

शेवट गावोगाव निराळा. काही ठिकाणी नवऱ्यापर्यंत विनंती पोचते आणि तो काठी घेतो. गाणं तिथेच थांबतं, पोरी पाठीवर हात मारून खिदळतात आणि पुढचं गाणं धरतात. काही ठिकाणी नवरा राजी होतो, तिची वेणीफणी करवून तिला वाटेला लावतो. संग्रहांत छापताना आणि हल्ली रंगमंचावर म्हणताना हा दुसरा शेवट घेतात. तो गोड आहे आणि त्यात एक चांगली गोष्टही आहे. साठ दिवस जिनं मातीत हात घातला, चुलीशी घाम गाळला, गंज घासला, तिच्या केसांत पहिल्यांदा कोणी कंगवा घालायचा विचार करतं. पण काठीचा शेवट गाळून टाकू नये. तो वाईट आहे म्हणून पोरी तो हसत म्हणायच्या, आणि मोठ्या बाया ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. ते हसणं नि ते न ऐकणं दोन्ही गाण्याचाच भाग होते.

याच माळेत दुसरं एक गाणं असतं, खुळ्या नवऱ्याचं. त्यात बाई फराळाचं करते आणि तिच्या वेड्या नवऱ्याला काहीच ओळखू येत नाही. करंजीची त्याला होडी वाटते, लाडूचा चेंडू, शेवयांच्या अळ्या. कारल्याच्या गाण्यात अन्न तयार व्हायला दोन महिने लागतात, इथे ताटात तयार असलेलं अन्न फुकट जातं. एका गाण्यात बाई पुरुषांना विचारून विचारून थकते, दुसऱ्यात पुरुषाला विचारण्याची सोय नाही इतका तो भोळसट. दोन्ही एकामागे एक म्हटली की हिशेब चुकता झाल्यासारखं वाटायचं. हे कोणी ठरवून रचलं नसेल, पण माळ म्हणताना कुठल्या गाण्यामागे कुठलं घ्यायचं हे मोठ्या पोरी ठरवत आणि त्यांची निवड क्वचितच चुके.

चित्रहार आणि नंतरच्या मालिका या माळेच्या वेळेवरच येऊन बसल्या. दिवेलागणीचा तो एक तास पोरींचा होता, तो पडद्याला गेला. तक्रार करण्यासारखं काही नाही. पडद्यावरही सासू-सुनाच होत्या, फक्त तिथे कोणाला वेल लावावा लागत नव्हता आणि पोरींना गायचं काम उरलं नव्हतं.

पोरींचं खरं लक्ष मात्र गाण्यांपेक्षा डब्याकडे असायचं. गाणी संपली की घरची पोर झाकण घट्ट लावलेला पितळी नाही तर स्टीलचा डबा घेऊन मध्ये बसते.

"काय हाय व डब्यात?"

"आधी ओयखा."

"वाजवून दाखव मंग."

ती डबा हलवते. फुटाणे टणटण वाजतात आणि लगेच पकडले जातात. मुरमुरे सरसरतात. शेंगदाणे आणि फुटाण्यांचा आवाज एकदम आला की नुसतं एक नाव घेऊन चालत नाही. म्हणून चतुर आया आवाज न होणाऱ्या वस्तू घालत. उकडलेल्या ओल्या शेंगा, भिजवून फोडणी दिलेली मटकी, शिरा, केळ्याच्या चकत्या. अंजनगावच्या बाजूला केळीचे मळे, त्यामुळे मुका डबा लागला की पहिली हाक केळ्याचीच. पानमळेवाल्याच्या घरी कधी गुलकंदाचे विडे निघत आणि ते कोणाच्या बापाला ओळखू येत नसत. मूठभर फुटाण्यांत मूठभर शेंगदाणे आणि गूळ मिसळला की वाढत्या पोरीला लागणारी प्रथिनं स्वस्तात मिळतात. फुटाण्यांत शंभराला वीस ग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यात पंचवीस. तीळ घातले तर चुनाही आला. गुळातल्या लोहाचं कौतुक आपण गरजेपेक्षा जास्त करतो, पण तो नसता तर फुटाणे कोणी मागून घेतले नसते. त्या महिन्यात घरोघरी जाऊन असं रोज खाल्लं जायचं, सगळ्या पोरींना सारखं, आणि पहिलं पान कोणाचं हा प्रश्न तिथे नव्हता.

डबा धरून बसलेली पोर त्या घटकेला सासू असते. तिच्या हातात वस्तू आहे, तिची अट आहे आणि समोरच्या पोरी विचारताहेत. गोड का तिखट? कोरडं का ओलं? ती अर्धवट उत्तरं देते, फसवते, डोळे मिचकावते. पण या खेळाला एक नियम आहे आणि तो तिलाही मोडता येत नाही. नवी अट घालायची नाही. फार वेळ झाला आणि काही केल्या नाव सुचेना की कोणीतरी मोठी पोर म्हणते, "हारलो व बाई," आणि मग डबा उघडावाच लागतो.